जीव मुठीत, वाट घाटात

संध्याकाळचे सहा वाजले, की दिल्लीच्या काश्मिरी गेट बसस्थानकाचा रंग पालटतो. दिवसभर कामाच्या घाईत असलेल्या माणसांची गर्दी ओसरते आणि स्वेटर, टोप्या, उशा, पाण्याच्या बाटल्या घेतलेली कुटुंबे दिसू लागतात. कुणाच्या पिशवीत लिंबू असते, कुणाच्या आवळासुपारी, तर कुणाच्या पदराला ओव्याची पुरचुंडी. खिडकीजवळ कोण बसणार यावरून भावंडांचे भांडण जुंपलेले असते आणि फलाटावरून ‘शिमला, शिमला’, ‘मनाली, मनाली’ अशा आरोळ्या घुमत असतात.

दिल्ली स्वतः सपाट. इथे घाट नाही, दरी नाही. तरीही उत्तर भारतातल्या डोंगराची वाट बहुतेकांसाठी इथूनच सुरू होते. दिल्लीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुट्टी लागताच पाहुण्यांना घेऊन इथूनच हिमाचल गाठतात आणि महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरूही इथूनच पुढे सरकतात. हिमाचल परिवहन महामंडळाची दिल्ली-लेह बस तर हजार किलोमीटरहून अधिक धावते आणि वाटेत ५,३०० मीटरहून उंच असलेली तांगलांग खिंड ओलांडते.

या वाटेला परदेशाची जोड मिळाली ती २०१४ मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबरात दिल्ली-काठमांडू बससेवा सुरू झाली. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, वेळ तीस तासांच्या आसपास. भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र पुरते. घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करायचे. त्यामुळे ज्यांनी कधी विमानाची पायरी चढली नाही, त्यांच्याही वाट्याला परदेशवारी आली.

आज सोपी वाटणारी ही वाट एके काळी मुळी नव्हतीच. भारताच्या मदतीने बांधलेला त्रिभुवन राजपथ १९५६ मध्ये पुरा होईपर्यंत काठमांडूच्या खोऱ्यात बाहेरून येणारा मोटाररस्ता नव्हता. राजघराण्यातल्यांच्या मोटारी हमालांनी खांद्यावरून डोंगर ओलांडून आत नेल्या. मोटारीने माणसाला न्यायचे, तर इथे माणसांनी मोटारीला नेले!

आता दिल्लीहून निघालेल्या बसचा बराचसा प्रवास सपाटीवरून होतो. आग्रा, लखनौ, गोरखपूर मागे पडतात, सोनौलीला सीमा ओलांडली जाते. खरी परीक्षा सुरू होते ती नारायणघाटानंतर. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला खाली गढूळ, वेगवान त्रिशूली नदी आणि मधोमध रस्त्याची पट्टी. समोरून भरधाव ट्रक येतो. बसचे मागचे चाक कडेच्या खडीवर जाते आणि अख्खी बस एकदम गप्प होते. मघापर्यंत अंताक्षरी खेळणारे ओठ आता नामस्मरण करू लागतात. कुणी डोळे गच्च मिटून घेतो, कुणी शेजारच्याचा हात धरतो. चालक मात्र एका हाताने स्टिअरिंग फिरवत क्लीनरशी गप्पा मारत असतो.

पुढे घरी परतल्यावर हाच प्रसंग रंगवून सांगितला जातो. ‘काय सांगू वहिनी, दोन बोटांवर दरी होती!’ ऐकणारे हसतात, सांगणाराही हसतो. सुखरूप परतलेल्याला हसण्याचा हक्क आहेच. पण सगळेच परतत नाहीत.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली एक भारतीय बस तनहुँ जिल्ह्यात रस्ता सोडून मर्स्यांगदी नदीच्या काठी कोसळली. तीत जळगाव जिल्ह्यातले, भुसावळ परिसरातले यात्रेकरू होते. २७ जणांचा जीव गेला. एकेका घरातली, एकेका आळीतली माणसे एकदम गेली आणि वायुदलाच्या विमानाने मृतदेह महाराष्ट्रात आणावे लागले. त्याच वर्षी जुलैत नारायणघाट-मुगलिन रस्त्यावर पहाटेच्या अंधारात दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या.

हे काही परदेशातच घडते असे नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पावसाळी सहलीला जाताना पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात कोसळली आणि सुमारे तीस जण दगावले. घाट आपला असो वा परका, दरी ओळख दाखवत नाही.

मात्र इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. भीती आणि धोका या दोन गोष्टी एक नव्हेत. ८ जुलै २०१९ रोजी पहाटे लखनौहून दिल्लीला येणारी बस आग्र्याजवळ यमुना द्रुतगती मार्गावरून खाली नाल्यात पडली आणि २९ प्रवासी ठार झाले. तिथे ना वळण होते, ना कडा. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता आणि गाढ झोपलेले प्रवासी. म्हणजे घाटात ज्याच्या छातीत धडधडते, तोच माणूस सपाटीवर निर्धास्त घोरतो. पण चालकाला डुलकी लागण्याची शक्यता सरळ रस्त्यावर पहाटेच अधिक असते. वळणे तरी त्याला जागे ठेवतात.

आता हा चालक किती तास जागा आहे, हे कोण विचारते? मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा त्यातला साधारण नियम होता. दिल्ली-लेह मार्गावर चालक टप्प्याटप्प्याने बदलतात आणि केलाँगला रात्रीचा मुक्काम असतो. पण खासगी सहलीच्या बसचे काय? ‘बारा दिवसांत अयोध्या, काशी, पोखरा, मुक्तिनाथ, पशुपतिनाथ’ अशी पत्रिका छापली जाते. दिवसा दर्शन आणि रात्री प्रवास. यात्रेकरू रात्री बसमध्ये झोपतात, दिवसा धर्मशाळेत आंघोळ उरकतात. चालक दिवसा झोपेल असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तो उन्हात तापलेल्या बसमध्ये आडवा पडतो, कुणी पिशवी काढायला येतो, कुणी चपला शोधायला. अशी मोडकी झोप घेऊन तो रात्री चाळीस जणांचे प्राण हाती घेतो.

दुसरे कारण ब्रेकचे. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला, तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, जवळपास त्याच गिअरमध्ये उतरायचे, असे जुने चालक शिकवतात. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर जिवाशी खेळ. त्यात चार थेंब तेल वाचते, पण गाडीला आवरणारे इंजिनच बाजूला पडते. रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा आपल्याकडचा नियमच आहे. चढणीवर थांबलेली जड गाडी पुन्हा हलवताना मागे घसरू शकते, हे त्यामागचे साधे कारण. हा नियम न पाळणाऱ्या दोन चालकांची ईर्ष्या सुरू होते, तेव्हा मधल्यामध्ये प्रवासी भरडले जातात.

मग प्रवाशांच्या हाती काय उरते? पुष्कळ काही. सहलीचे पैसे भरताना जेवणात गोड काय, खोलीत गरम पाणी आहे का, हे सारे बारकाईने विचारले जाते. त्याच बैठकीत आणखी चार प्रश्न विचारावेत. चालक एक की दोन? त्यांच्या झोपण्याची सोय कुठे? घाटाचा टप्पा उजेडात पार होणार का? दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर मुक्कामाचा एक दिवस हाती आहे का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर दुसरा आयोजक शोधावा. चालकाच्या खोलीसाठी माणशी थोडे पैसे अधिक पडले, तर कुरकुर करू नये. जून ते सप्टेंबर हा या डोंगरांत दरडींचा काळ. यात्रा दिवाळीनंतर केली म्हणून पुण्य कमी होत नाही.

बसमध्ये बसल्यावर संकटकाळी उघडायचा दरवाजा कुठे आहे ते पाहावे आणि त्याच्यासमोर पिशव्यांचा ढीग रचू देऊ नये. पट्टा असेल तर बांधावा. मळमळणाऱ्याने मागच्या बाकावर बसू नये, तिथे हिसके जास्त बसतात. कानातला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि पुस्तकात वा मोबाइलमध्ये गुंतलेले डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात. या गोंधळातून मळमळ उठते. पुढच्या बाजूला बसून दूरवर समोर पाहिले, पोट थोडे हलके ठेवले, की पुष्कळांना आराम पडतो.

सर्वांत अवघड काम मात्र वेगळेच. चालक वेडीवाकडी गाडी हाणत असेल, तर त्याला टोकणे. ‘आपणच कसे बोलायचे?’ म्हणून चाळीस माणसे गप्प बसतात. खरे तर एकाने तोंड उघडले, की चार जण माना डोलावतात. रागावून नव्हे, पण ठामपणे ‘भैया, आहिस्ता चलो, हमें कोई जल्दी नहीं’ एवढे म्हटले तरी फरक पडतो. अनेकदा घाई चालकाला नसतेच. आरतीची वेळ गाठायची, खरेदीला तासभर हवा, म्हणून प्रवासीच त्याच्या मागे लागतात. नाश्त्याला अर्धा तास उशीर करायचा आणि तो अर्धा तास घाटात भरून काढायला सांगायचे, हा कुठला न्याय?

डोंगर पाहावेत, नद्या पाहाव्यात, म्हाताऱ्या आईवडिलांना पशुपतिनाथ घडवावा. वळणावर पोटात गोळा येणे हा त्या प्रवासाचाच भाग. तो गोळा पुढच्या सपाट गावात चहाबरोबर विरघळतो. पण त्या चहाच्या टपरीवर चालकाने डोळे चोळत जांभई दिली, तर त्याच्या हातात दुसरा कप देऊन भागणार नाही. त्याला तासभर झोपू द्यावे. तेवढ्या वेळात मंडळींनी नदीकाठी सावलीत बसावे. काठमांडू कुठे पळून जात नाही.