टाकून द्या हो, काका!

मराठी भाषेतलं सर्वांत घातक वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, 'टाकून द्या हो, काका, नवीन घ्या!' यातल्या 'काका'बद्दल माझी तक्रार नाही. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला काका होण्यावाचून गत्यंतर नसतं. तक्रार आहे ती 'टाकून द्या'बद्दल. मिक्सर घरघरला, टाकून द्या. छत्रीची काडी मोडली, टाकून द्या. उद्या एखादी बाई 'आमचे हे फार घोरतात हो' म्हणत दुकानात गेली, तर तिलाही हाच सल्ला मिळेल, आणि तोसुद्धा झाकण न उघडता!

या वाक्याच्या तावडीतून नुकतीच सुटलेली वस्तू म्हणजे आमच्या घरातली रॅले सायकल. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांची. तिच्या पुढच्या चाकाचा हब चहाच्या डब्यासारखा फुगीर आहे आणि त्यावर कंपनीच्या नावाबरोबर '५५' हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे जन्मसाल १९५५. हा साधासुधा हब नव्हे, स्टर्मी-आर्चरचा डायनोहब. नॉटिंगहॅमच्या या कंपनीने तो १९३६ साली बाजारात आणला. आपल्याकडे डायनामो म्हटलं की टायरला गाल घासत बसलेली बाटलीच आठवते. ती लावली की सपाट रस्तासुद्धा चढाचा वाटायचा, आणि पावसात, म्हणजे उजेडाची खरी गरज असताना, ती नेमकी घसरायची. डायनोहबमध्ये ही घासाघीस नाही. मध्ये आसाला धरून तारेचं वेटोळं स्थिर बसलेलं, आणि त्याच्याभोवती वीस ध्रुवांचं लोहचुंबकाचं कडं चाकाबरोबर फिरणार. फॅरडेने १८३१ साली जे दाखवलं, तेच आपण मंडईतून भाजी आणता आणता करायचं.

तर या सायकलचा दिवा लागेना म्हणून ती एका दुकानात नेली. तिथल्या तरुणाने चाक उचललं, फिरवलं. चाक सरळ न थांबता अडखळत अडखळत थांबलं. "बेअरिंग गेलंय, काका. हब टाकून द्या. चार्जिंगचा दिवा लावा, यूएसबीवाला." निदान, उपचार आणि उत्तरक्रिया तीस सेकंदांत आटोपली!

आता वाचकहो, अडखळणं हा या हबचा रोग नाही, ती त्याची नाडी आहे. चुंबकाचे ध्रुव आतल्या लोखंडी दातांना ओढतात, म्हणून रिकामं चाक हातानं फिरवलं की ते टकटक अडखळतं. ज्या दिवशी ते अडखळायचं थांबेल त्या दिवशी काळजी करा. नाडी लागते आहे म्हणून पेशंटला मृत ठरवणारा डॉक्टर तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला, फक्त त्याच्या हातात पाना होता.

सायकल घरी आणली. "अहो, गॅलरीत काय करायचं ते करा, पण माझी चादर खाली घालू नका," एवढ्या एकाच अटीवर परवानगी मिळाली. आणि मी जाहीरपणे सांगतो की हे काम बी.कॉम. झालेल्या माणसालाही जमण्यासारखं आहे. कारण ते शास्त्र नव्हेच, तो हिशेबाचा ताळा आहे. फरक सापडला की आपण आधी अख्खं लेजर जाळतो का? नाही. शेवटच्या नोंदीपासून मागे जातो. तसंच इथं. आधी बल्ब काढून पाहा. मग वायर, म्हणजे दुसरी चांगली वायर तात्पुरती जोडून चाक फिरवा. मग हबवरचे दोन स्क्रू, जिथं वायरी बसतात. त्यांच्यावर गंज चढलेला असतो, तो पॉलिशपेपरने घासून काढा. मीटर असेल तर तो एसीवर ठेवा. डीसीवर ठेवलात तर तो शून्याभोवती घुटमळत राहील आणि तुम्ही निष्कारण चुंबकाला शिव्या द्याल. आमच्याकडे अपराधी निघाली ती वायर, मडगार्डच्या खाली उंदराच्या शेपटीइतकी उरलेली. खर्च वीस रुपये.

आणि मागचा दिवा गेला असेल तर तो लगेच बदला. डायनामोचा करंट दोन दिव्यांत वाटलेला असतो. मागचा गेला की त्याच्या वाटणीचा भार पुढच्यावर येतो आणि पहिल्याच उतारावर तोही उडतो. एक जामीनदार पळाला की दुसऱ्याचं काय होतं, हे आमच्या कर्जविभागात कुणालाही विचारा.

मात्र एक गोष्ट जुन्या डायनोहबच्या बाबतीत करू नये: आतलं वेटोळं कड्यातून सहज म्हणून ओढून काढू नये. त्या काळचं चुंबक असं की त्याच्या पोटातलं लोखंड काढलं की त्याची शक्तीच ओसरते. काढायचंच झालं तर वेटोळं सरकत असतानाच त्याच्या जागी लोखंडी कडं सरकवत न्यावं लागतं. म्हणजे चार्ज सोडण्याआधी चार्ज दुसऱ्याकडे द्यायचा, कॅशिअरच्या किल्ल्यांसारखा. 'घरी उघडू नका, तज्ज्ञांकडे न्या' म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथं मी मान्य करतो. पण तज्ज्ञाला हे माहीत असेल तर! आमच्या तज्ज्ञाने तर आख्खा हबच भंगारात काढला होता.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. आमचे शेजारी म्हणतात, "पाचशेचा चार्जिंगचा दिवा सोडून दोन रविवार घालवलेत!" शिवाय सिग्नलला थांबलं की तुमचा दिवा विझतो. दुसरा मुद्दा खरा आहे. नव्या डायनामोच्या दिव्यांत थांबल्यावरही काही मिनिटं उजेड देणारी सोय असते, माझ्याकडे ती नाही. पण मी व्यवहाराचा माणूस आहे. चार्जिंगचा दिवा हा उधारीवरचा उजेड. रात्री आधी भरणा करा, मग वापरा, आणि वसुलीची वेळ नेमकी अंधाऱ्या वळणावर येते. डायनामो रोखीचा धंदा करतो. पाय मारा, उजेड घ्या. आणि चार्जिंगच्या दिव्यातला सेल दमला की तो बदलायला दिव्याला स्क्रूच नसतो. दिवा चिकटवून बंद केलेला! 'टाकून द्या' हे वाक्य तिथं आधीच छापून ठेवलेलं असतं, फक्त वाचता येत नाही.

राहता राहिले दोन रविवार. त्यातल्या एका रविवारी आमची दहावीतली मुलगी गॅलरीत आली. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची व्याख्या तिला तोंडपाठ आहे, मार्कही पूर्ण मिळतात. मी तिला चाक फिरवायला सांगितलं. दिवा आधी थरथरला, मग चाकाने वेग घेतला तसा स्थिर झाला. "बाबा, म्हणजे हे खरंच असतं?" ती म्हणाली. या वाक्याची किंमत शेजाऱ्यांनी पाचशेतून वजा करून दाखवावी.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली. आनंद आहे. पण हक्क दिल्लीहून आला तरी पाना आपल्यालाच धरावा लागतो. आतमध्ये काय आहे हे बघायची इच्छाच ज्यांनी टाकून दिली, त्यांना कुठला हक्क परत आणून देणार?

शेवटी हिशेब. ही सायकल १९५५ साली समजा ३०० रुपयांना घेतली आणि घटत्या शिल्लकीवर दरसाल १० टक्के घसारा धरला, तर ७० वर्षांनी तिची पुस्तकी किंमत उरते १९ पैसे. या पद्धतीची गंमत अशी की आकडा कितीही खाली आला तरी शून्य कधीच होत नाही. वाणिज्य शाखेने मला शिकवलेली ही एकच गोष्ट मी 'टाकून द्या'वाल्यांना सांगू इच्छितो. त्या १९ पैशांच्या उजेडात रोज संध्याकाळी मला खड्डे दिसतात, आणि आमच्या गावात खड्डे दिसणं याला फार मोठी किंमत आहे.