‘आईला समजावले’ म्हणजे काय केले?

मैत्रिणींनो, गेली दोन वर्षं मी वस्तीतल्या एका आरोग्य केंद्रात मुलांच्या तपासणीच्या दिवशी बसते. एमबीबीएस संपवून इंटर्नशिप करणारे डॉक्टर तिथे शिकायला येतात. काय शिकतात, ते सांगते.

गेल्या महिन्यात आलेली डॉक्टर जेमतेम तेविशीची. समोर चौदा महिन्यांची मुलगी, वजन सहा किलो आठशे. तक्त्यावर पिवळा पट्टा. डॉक्टर आईवर कडाडली, “किती वेळा सांगायचं, बाई? दिवसातून पाचदा भरवायचं. डाळ, अंडं, वरून तेल. स्वतःच्या पोरीकडे लक्ष नको?” आई खाली मान घालून उभी. केसपेपरवर इंग्रजीत शेरा पडला : आईला समजावले.

मी बाईंबरोबर बाहेर आले. त्या चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी सातला निघतात, दोनला परततात. तोवर धाकटी आठ वर्षांच्या थोरलीकडे. आज दोन घरी खाडा, म्हणजे पैसे कापले जाणार. पाचदा भरवायचं कुणी? आणि बाप? केसपेपरवर मुलीच्या नावापुढे नाव त्याचं आहे. बोलणी खायला मात्र आई.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या सुमारे ३६ टक्के मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. एवढ्या सगळ्या आया एकाच वेळी निष्काळजी झाल्या का? २०१७ साली कायद्याने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे केली. धुणीभांडी करणारीला त्यातला एक दिवसही मिळाला नाही. हे केसपेपरवर कुठे लिहायचं?

डॉक्टरला मी हे बोलले. ती म्हणाली, “ताई, बाहेर साठ जण उभे आहेत. एकेकाला तीन मिनिटं. आम्हाला एवढंच शिकवलंय.” खोटं नव्हतं ते. तिच्यावर राग धरून उपयोग नाही. आणि मी तरी काय केलं? माझ्या मासिक अहवालात ‘समुपदेशन’ असा रकाना आहे. दोन वर्षं मी त्यात निमूट आकडे भरले. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात शिकलेले मोठे शब्द त्या रकान्यात मावले नाहीत, म्हणून मी ते सोडून दिले.

ती बाई पुढच्या तारखेला आली नाही. केंद्राच्या वहीत ‘पालक उदासीन’ अशी नोंद झाली.

समजावायचंच असेल तर व्यवस्थेला समजावू या. तपासणी संध्याकाळीही ठेवा. कामकरी बायांच्या वेळेला धरून वस्तीत पाळणाघर चालवा. बापालाही बोलावा. शिकाऊ डॉक्टरांना टेबलामागून उठवून घरोघर न्या, चूल आणि नळाची वेळ दाखवा. आपापल्या भागातल्या केंद्रावर गटाने जाऊन हे मागा. माझ्या अहवालात मी या महिन्यापासून बाईचा बुडालेला रोज लिहिते आहे. रकाना नाही, म्हणून समासात.