याला ‘ट्रेडिंग’ म्हणू नका, भाऊ

सध्या गोंदियात एक नवा शब्द फिरतो आहे. ‘गोल ट्रेडिंग’. सट्टा म्हटलं की बाप ओरडतो, पोलीस दिसतात. ट्रेडिंग म्हटलं की पोरगा शेअर बाजारात काहीतरी शिकतोय असं घरच्यांना वाटतं. एवढ्यासाठीच हा शब्द शोधला आहे. आमगाव असो, तिरोडा असो की देवरी, टेलिग्रामवर ‘स्ट्रॅटेजी’ विकणारे सगळीकडे पोचले आहेत. क्रिकेटचा सीझन संपतो, पण युरोपातला फुटबॉल मध्यरात्रीही सुरूच असतो. बुकीला बारा महिने पीक पाहिजे, आणि ते फुटबॉल देतो.

आता 11 जून ते 19 जुलै 2026 असा वर्ल्ड कप आहे. 48 संघ, 104 सामने, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा आणि पहाटे. तारखा नीट बघा. हेच दिवस आपल्याकडे पऱ्हे टाकायचे आणि रोवणीचे. घरात बियाण्याचा, खताचा, मजुरीचा पैसा आलेला असतो आणि पोरगा रात्रभर मोबाईल घेऊन जागा. म्हणून हे आताच लिहितोय. ऑगस्टमध्ये लिहून काय फायदा?

या ‘स्ट्रॅटेजी’ असतात तरी काय, ते समजून घ्या. तीन प्रकार मुख्य.

पहिला, अडीच गोलवाला. सामन्यात तीन किंवा जास्त गोल होतील की दोन किंवा कमी, यावर पैसे. दोन्ही बाजूंना भाव समजा 1.90. तुम्ही दोन्हीकडे 100-100 लावले तर 200 गेले आणि परत आले 190. सामना कसाही होवो, 10 रुपये वरच्यावर गेले. हा बुकीचा हिस्सा. यात बरोबरीत सुटायचं असेल तर तुम्हाला 100 पैकी जवळजवळ 53 वेळा बरोबर यावं लागतं. अर्धे अंदाज बरोबर आलेला माणूसही हळूहळू बुडतोच.

दुसरा, ‘ड्रॉ खायचा’. समजा बरोबरीचा भाव 3.50 आहे. तुम्ही बुकी बनून 1000 खाल्ले. सामना बरोबरीत सुटला नाही तर 1000 तुमचे. सुटला तर 2500 खिशातून. गोल झाला की बरोबरीचा भाव वाढतो, तेव्हा उलटी लगवाडी करून नफा बांधायचा, असं शिकवतात. कागदावर छान दिसतं. पण 0-0 चालूच राहिलं तर? भाव दर मिनिटाला तुमच्या विरोधात उतरत जातो आणि माणूस ‘आता होईल गोल’ म्हणत 90 मिनिटं बसून राहतो. त्यात तुमच्या मोबाईलवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं. तुम्हाला गोल दिसतो तोपर्यंत भाव बंद झालेला असतो. ज्याच्याकडे बातमी आधी पोचते, त्याच्याशी बातमीवर पैज लावणं याला अभ्यास म्हणत नाहीत.

तिसरा सगळ्यात घातकी. हरलं की दुप्पट लावा, एकदा जिंकलं की सगळं वसूल. हिशेब करू. 500, 1000, 2000, 4000, 8000, 16000, 32000. सात वेळा हरलात तर 63,500 गेले, आणि हा सगळा खटाटोप 500 रुपये जिंकण्यासाठी. सात वेळा सलग कोण हरतो? जिंकणं-हरणं अगदी निम्मंनिम्मं धरलं तरी 128 पैकी एकदा. म्हणजे असा प्रयोग 100 वेळा केलात, तर एकदा तरी बुडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. साध्या धानाचा 2025-26 चा हमीभाव 2369 रुपये क्विंटल. 63,500 म्हणजे जवळजवळ 27 क्विंटल धान. तुमच्या एकरात किती पिकतं ते तुम्हीच सांगा, मला विचारू नका.

“पण त्याचे पाच अंदाज लागोपाठ बरोबर आले ना बापा!” येतात. कसे येतात ते ऐका. 1024 जणांना मेसेज जातो. अर्ध्यांना ‘गोल होणार’, अर्ध्यांना ‘होणार नाही’. ज्यांचा चुकला त्यांना सोडून द्या, उरले 512. मग 256, 128, 64, 32. पाच सामन्यांनंतर 32 माणसं अशी उरतात, ज्यांनी या माणसाला कधी चुकताना पाहिलंच नाही. ते 32 जण फी भरतात, आयडी घेतात, आणि गावात त्याची जाहिरातही तेच करतात.

आणि आयडी कुठली? जुलै 2023 विसरलात काय? नागपूरच्या एका व्यापाऱ्याने 58 कोटी गेल्याची तक्रार केली आणि नागपूर पोलीस आपल्या गोंदियात बुकीच्या घरी आले. कोट्यवधींची रोकड आणि किलोच्या हिशेबात सोनं निघालं. आरोपी दुबईला निघून गेल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण तक्रारीतली पद्धत बघा: आधी आयडीत पॉइंट टाकून दिले, सुरुवातीला जिंकू दिलं, मग हरतच नेलं. अॅप त्यांचं, भाव त्यांचा, पैसे काढू द्यायचे की नाही हेही त्यांच्याच हातात. तिथे कोणती स्ट्रॅटेजी चालते? शेजारच्या छत्तीसगडातलं महादेव अॅप प्रकरणही त्याच वर्षी गाजलं. तरी आपण शिकलो नाही.

मला राग येतो तो प्रतिष्ठितांचा. तांदळाच्या गाड्या भरणारं हे गाव रोकड काय असते ते ओळखतं. कोणाच्या दारात अचानक नवी गाडी उभी राहिली, कोणाचं घर तीन मजली झालं, चौकात सगळ्यांना ठाऊक असतं. तरी गणपतीच्या वर्गणीत, क्रिकेट स्पर्धेच्या बक्षिसात, नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर तीच नावं. टपरीवर सट्टापट्टी लिहिणारा पोरगा पकडला जातो, फोटोसह बातमी येते. मालकाचं नाव कोणी विचारत नाही. आमच्या धंद्यातले काही जणही तोच बॅनर जाहिरात म्हणून छापतात आणि आतल्या पानावर सट्ट्याविरुद्ध अग्रलेख लिहितात.

‘हा कौशल्याचा खेळ आहे’ ही पळवाटही आता उरलेली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून फसलेल्यांनी तोंड लपवू नये. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो. आणि आपलं बँक खातं ‘भाड्याने’ देणाऱ्या पोरांनो, त्यातून फिरलेल्या पैशाची चौकशी आधी तुमच्या दारात येईल, दुबईत नाही.

पोलीस प्रशासनाला सरळ प्रश्न: वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधी तालुक्या-तालुक्यात आयडी वाटणाऱ्यांवर कारवाई होणार, की फायनल झाल्यावर दोन टपरीवाले दाखवणार? लोकप्रतिनिधींना दुसरा: बॅनरवर शेजारी कोणाचा फोटो आहे हे तुम्ही बघता की नाही?

आणि आईबापांना एवढंच. पोरगा फुटबॉल बघत असेल तर बघू द्या, खेळ सुंदर आहे. पण गोल झाल्यावर तो ओरडतो की आधी मोबाईलमधला भाव बघतो, यावर लक्ष ठेवा. भाव बघत असेल तर बियाण्याचे पैसे आजच दुकानात जमा करून या.