जुन्या कचऱ्याची माती

पूर्वीच्या उकिरड्यात शेण, राख व पालापाचोळाच असे. तो शेतात पसरणे हिताचे होते. आजच्या कचऱ्यात बॅटऱ्या व कीटकनाशकांच्या बाटल्याही असतात. शिसे व कॅडमियम कुजत नाहीत. जुन्नर-आंबेगावात ओढ्याकाठी टाकलेला कचरा पावसाने कुकडी, मीना व घोड या नद्यांत आणि पुढे भीमेत जातो. २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेतील १२ बाबींत हे दोन धातू नाहीत. तिच्या भरवशावर अशी माती खत म्हणून उचलणे अनिष्ट होय. कार्यकर्त्यांनी प्रथम वृद्धांकडून जुन्या जागा समजून घ्याव्यात (त्यांना दप्तराहून अधिक ठाऊक असते), मग तेथील माती व उताराखालच्या विहिरींचे पाणी जड धातूंसाठी स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. तोवर सपाटीकरण थांबवावे.