फुकटचे दान आणि लपलेले दार

गेल्या महिन्यात माझ्या एका शिष्येला मी सांगितले, "तुझा रियाझ ध्वनिमुद्रित करून ऐकत जा. ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते घे." मुलगी हुशार, पण दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन आली. ऑडॅसिटी आले नव्हतेच, उलट संगणकात दोन भलतीच बिऱ्हाडे येऊन बसली होती. ज्या पानावर ती पोचली तेथे 'डाऊनलोड'ची पाच बटणे होती म्हणे, त्यांतली चार जाहिरातींची. "गुरुजी, खरे बटण सर्वांत लहान होते!"

हे सॉफ्टवेअर १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी करावयास घेतले आणि २००० साली लोकांच्या हाती दिले. त्याची घडण कोणीही पाहावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, अशी परवान्यातच मुभा. वडिलांच्या गाण्याच्या जुन्या फितींवरील खरखर मी त्याच्याच साह्याने कमी केली. तेव्हा माझी तक्रार ऋणकोची आहे, हे आधीच सांगतो.

परंतु इतका उदारपणा आत आणि अडथळे मात्र उंबरठ्यावर! कित्येक वर्षे एमपीथ्री फाईल करावयाची तर 'लेम' नावाचा जोड वेगळा आणून बसवावा लागे. कारण पेटंटचे होते. ती पेटंटे २०१७ पर्यंत संपली आणि २०१९ च्या २.३.२ या आवृत्तीपासून लेम आतच येऊ लागले. एवढ्याने माझ्या वर्गातील निम्मे प्रश्न मिटले.

दुसऱ्याच्या घरी फाईल ठेवली की काय होते, हेही दिसले आहे. फसव्या बटणांच्या जाहिरातींना कंटाळून 'गिम्प' या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या मंडळींनी २०१३ साली सोर्सफोर्जवरून आपली विंडोजची फाईल हलविली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फॉसहबवर चोर शिरले आणि काही काळ ऑडॅसिटीच्या जागी घातक फाईल ठेवून गेले.

आमच्या बडोद्यास हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणून मोफत वाचनालयांची योजना उभारली, तेव्हा पुस्तके फुकट आहेत एवढे जाहीर करून ते थांबले नाहीत. पेट्यांत भरून ती खेड्यांत धाडली.

मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एवढेच करावे. पहिल्याच पानावर एक ठसठशीत बटण असावे. विंडोज की मॅक, हे पानानेच ओळखावे. मूळ संहिता, जुन्या आवृत्त्या, तपासणीचे आकडे जाणत्यांसाठी खाली असोत. फाईल केवढी आहे ते आधी सांगावे, कारण आमची मुले मोबाईलचा डेटा मोजून वापरतात. बटणाशेजारी जाहिरात तर नकोच नको. ही मंडळी पदरमोड करून राबतात, खर्च कोठून निघावा, असे कोणी विचारील. रास्त आहे. वर्गणी जरूर मागावी. मात्र फाईल हाती पडल्यावर मागावी. मैफल सुरू होण्याआधी थाळी फिरविणारा गवई मी तरी पाहिला नाही.

त्या मुलीला शेवटी मी पेनड्राईव्हवर ऑडॅसिटी घालून दिले. तिच्यामागून आणखी सातजणांनी मागितले. पेनड्राईव्ह अजून फिरतो आहे. सध्या कोणाकडे आहे, कोण जाणे.