पोट दिसेपर्यंत आपल्याला काहीच दिसत नाही

"मॉर्निंग सिकनेस आहे ना? मग दुपारी या की!"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीला साहेबांनी ऐकवलेलं. दुसरा महिना, दिवसातून दहा-बारा उलट्या, घोटभर पाणीही टिकत नाही अशी अवस्था. ती रजा मागायला गेली होती. साहेब हसले, आजूबाजूचे हसले आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले. पंधरा दिवसांनी तिने राजीनामा दिला. ते हसू मला अजून टोचतं, म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, यातला 'मॉर्निंग' हा शब्दच खोटा आहे. ही मळमळ घड्याळ बघून येत नाही. शेजारणीने फोडणी घातली, लोकलमध्ये कुणी अत्तर फासून शेजारी बसलं, की पोटात ढवळलंच. शंभरातल्या सत्तर-ऐंशी गरोदर बायकांना हा त्रास थोडाफार होतो. साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्याच्या आसपास कळस गाठतो आणि बहुतेकींचा चौदा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान ओसरतो. शंभरातल्या एक-दोघींना मात्र तो इतका होतो की वजन उतरतं, अंगातलं पाणी कमी होतं, दवाखान्यात सलाइन लावावं लागतं. त्याला हायपरएमेसिस म्हणतात. हा आजार आहे, नखरे नाहीत.

आता बघा, नेमक्या याच आठवड्यांत आपण काय करतो? "तीन महिने कुणाला सांगायचं नाही हं!" गर्भपाताची भीती याच काळात जास्त असते, त्यामुळे ही रीत कुठून आली ते समजतं. पण परिणाम काय? जेव्हा तिला सगळ्यात जास्त मदत हवी, तेव्हाच तिने तोंड दाबून बसायचं. ऑफिसला माहीत नाही, लोकलमध्ये कुणी जागा देत नाही, कारण पोट दिसत नाही.

आणि डोहाळजेवण कधी? सातव्या महिन्यात! हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, पेढा की बर्फी. सगळं छानच आहे. पण ताट वाढलं कधी, तर तिला जेवण जायला लागल्यावर. भाताचा वास सोसत नव्हता तेव्हा त्याच घरात तिच्याकडून कुकर लावून घेतला होता.

घराचं सोडा, सरकारही तसंच. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा घ्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातली बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे. कष्टाचं काम नाकारायचा हक्क? तोही शेवटच्या अडीच महिन्यांपुरता. दर महिन्याच्या ९ तारखेचं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान? तेही चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. म्हणजे कायदा काय, योजना काय, सगळ्यांची नजर पोटाच्या घेरावर.

एक अपवाद आहे, आणि तोच कुणी सांगत नाही. याच कायद्याच्या कलम १० मध्ये तरतूद होती की गरोदरपणामुळे आजार झाला, तर दाखला देऊन वेगळी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. ही रजा त्या २६ आठवड्यांतून कापली जात नाही. २०२५ मध्ये या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. शिवाय नोकरीवर घेतानाच बाईला हे सगळे लाभ लेखी कळवायचं बंधन २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर घातलं. आपापलं नेमणूकपत्र काढून बघा बरं, आहे का त्यात एक ओळ? आमच्या त्या मुलीला हे माहीत नव्हतं. साहेबांना माहीत असेल तर ते गप्प राहिले, आणि माहीत नसेल तर ते त्या खुर्चीत काय करत होते?

हे झालं पगारपत्रक असलेल्यांचं. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं काय? मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, आणि खाडा झाला की दंड. ती फडात बाजूला होऊन उलटी करते, तोंड पुसते आणि पुन्हा मोळी उचलते. तिला कुठली ही रजा?

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही." होतं, काकू. गोठ्यामागे जाऊन उलटी करून येत होतात तुम्ही. फरक इतकाच की तेव्हा एखादी जाऊ चूल सांभाळून घ्यायची. आज दोन खोल्यांत ती एकटी आहे.

"मनाचे खेळ आहेत." नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं की वारेतून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ१५ हे संप्रेरक यामागचं मोठं कारण आहे. ज्या बाईच्या शरीराला त्याची आधी सवय नसते, तिला त्रास जास्त. त्या संशोधकांपैकी मार्लेना फेझो यांनी स्वतः हा आजार सोसलाय, १९९९ मध्ये त्यात बाळ गमावलंय.

"गरोदरपणात औषध नको बाई." ही भीती फुकाची नाही. थॅलिडोमाइड मळमळीवर दिलं गेलं, हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. पण आज डॉक्सिलॅमिन आणि बी-६ ची गोळी अनेक वर्षांच्या वापरातून पारखलेली आहे. डॉक्टरांना विचारा, आल्याच्या तुकड्यावर दिवस काढू नका. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"असल्या रजा दिल्या तर बायकांना नोकरीच कोण देईल?" साहेब, दाखला द्यायचा आहे आणि मर्यादा एक महिन्याची आहे. त्या मुलीच्या जागी आलेल्या माणसाला काम शिकवण्यात आमचे चार महिने गेले. हिशोब तुम्हीच करा.

मागण्या साध्या आहेत. गरोदरपणातल्या आजाराची ही रजा प्रत्येक ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लागू दे. ९ तारखेची तपासणी पहिल्या महिन्यापासून सुरू होऊ दे. ऊसतोड बाईचा आजारपणाचा खाडा दंडात धरायचा नाही, असा नियम होऊन तो पाळला जाऊ दे. आणि घरात निदान तीन महिने कुकर दुसऱ्या कुणीतरी लावा. नवऱ्यालाही शिट्ट्या मोजता येतात.

पटलं तर पुढे पाठवा. जिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, अशी एक तरी तुमच्या यादीत असेलच.