गाडी खालून बघा

जुनी स्पोर्ट्स कार बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, मग रंगावरून हात फिरवतो. मी आधी जमिनीवर आडवी होते. चिंचवडच्या कारखान्यात आणि पुढे बर्मिंगहॅमला वेल्डिंगचे सांधे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर १९७१ सालची एमजीबी रोडस्टर घेतली. तिच्या पोटाखाली काम करताना माझं एक मत पक्कं झालं. ज्या ब्रॅकेटवर गाडीचा भार आहे तो गंजला असेल, तर ‘मूळचा आहे’ म्हणून जपू नये. तो कापून नवा बसवावा आणि ते काम कुणापासून लपवू नये.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार वाहते. त्यात वर छप्पर नाही, त्यामुळे मदार दारांखालच्या सिलवर. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल असे थर एकमेकांना स्पॉट वेल्डनं जोडलेले असतात. सिलच्या मागच्या टोकापाशी, मागच्या चाकाच्या पुढे, कमानपाट्याचं पुढचं टोक धरणारा ब्रॅकेट आहे. मागचा ॲक्सल जागेवर राहतो तो फक्त कमानपाट्यांमुळे. म्हणजे गाडी पुढे ढकलणारा जोर आणि ब्रेक दाबल्यावरचा जोर या ब्रॅकेटमधूनच बॉडीत उतरतो. आणि चाकानं उडवलेला चिखल नेमका तिथेच साचतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेही त्या चिखलात मिसळतं.

ब्रॅकेट जाड असतो, तो सहसा तग धरतो. त्याच्याभोवतीचा मिलिमीटरभर जाडीचा पत्रा आधी जातो. माझ्या गाडीला सिलखाली जॅक लावला तेव्हा चाक उचललं जाण्याआधी दार अडकलं. वरचा रंग चकचकीत होता. खालचं काळं अंडरसील खरवडल्यावर ठिगळावर ठिगळ दिसलं, आणि त्यातलं एक पितळी ब्रेझिंगनं चिकटवलेलं. ब्रेझिंगचा फ्लक्स नीट धुतला नाही तर तोच गंजाला आमंत्रण देतो. दोन ठिगळांमध्ये पाणी अडतं आणि आतला धड पत्राही सडतो.

असा ब्रॅकेट बदलताना कापायची घाई करायची नसते. आधी दाराच्या चौकटीत पोलादी आडव्या सळया वेल्ड करायच्या, नाहीतर सिल कापताच बॉडी मधून खाली बसते. गाडी सपाट जमिनीवर, वजन नीट टेकवून ठेवायची. वर्कशॉप मॅन्युअलमधली मापं दोन्ही बाजूंनी घ्यायची, लिहून ठेवायची. मग स्पॉट वेल्ड एकेक करून कटरनं सोडवायचे, म्हणजे खालचा चांगला पत्रा शाबूत राहतो. नवा ब्रॅकेट क्लॅम्पनं धरायचा, त्यात कमानपाट्याचा बोल्ट घालून बघायचा, ॲक्सल दोन्ही बाजूंना सारखा बसतो का ते मोजायचं आणि त्यानंतरच टॅक मारायचा. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे मी नव्या पत्र्याला भोकं पाडून मिग वेल्डिंगनं प्लग वेल्ड करते. सगळीकडून जाड सांधा ओढला की काम मजबूत झालं, असं अनेकांना वाटतं. पण पातळ पत्र्यावर जास्त उष्णता गेली की तो वाकतो आणि पुढे सांध्याच्या काठालाच चीर पडते. नोकरीत अशा चिरा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. शेवटी पोकळीत मेण भरायचं. ही पायरी लोक गाळतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. आतून उघडा राहिलेला नवा पत्राही जुन्याच वाटेनं जातो.

यावर शौकीन मंडळी म्हणतात, असं बदलत गेलं तर गाडीत मूळचं काय उरलं? प्रश्न खरा आहे. म्हणूनच मी पूर्ण नवी बॉडी घेतली नाही. ती मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या बॉडी बनवते. सगळं सडलेलं असेल तर तीही घ्यावी. पण जिथे चार तुकडे बदलून भागतं, तिथे उरलेला जुना पत्रा जपणं मला योग्य वाटतं. सीटचं फाटकं कातडं, डॅशबोर्डवरचे ओरखडे खुशाल ठेवा. त्यांच्यावर कुणाचा जीव अवलंबून नाही.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. मला ती सूट चुकीची वाटते. या तपासणीत सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या जोडांपासून तीस सेंटिमीटरच्या आतला गंज बघतात. सर्वांत जास्त गरज आहे त्याच गाड्या त्यातून सुटल्या. मी दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घेते.

भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर दिला. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही त्याची अट. हेतू उत्तम आहे. पण पुण्यामुंबईचे मालक या अटीकडे बघून गंजलेला ब्रॅकेट तसाच ठेवतील आणि वरून पुट्टी लावून रंग मारतील, ही भीती मला आहे. भार वाहणारा भाग मूळच्याच आकाराचा आणि जाडीचा नवा बसवणं ही दुरुस्ती आहे, फेरफार नाही, एवढं एक स्पष्ट वाक्य परिवहन खात्यानं नियमात घालावं. सोबत कामाचे फोटो मागावेत: कापण्याआधीचे, वेल्डिंगचे आणि प्राइमर मारण्यापूर्वीचे. आणि रॅलीत बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनी प्रत्येक गाडी एकदा लिफ्टवर चढवून बघावी.